ताईची झोप

फेब्रुवारी सरत आला की आमच्या घरात सगळे कुजबुजायला लागतात. यंदा नातीची दहावी आहे. रात्रीचे साडेनऊ वाजले न वाजले तोच सूनबाई टीव्ही बंद करते, पोरीच्या खोलीचं दार ओढून घेते आणि मला खुणेने सांगते, "आई, आता मिक्सर नको हं." मी कशाला मेली या वेळी मिक्सर लावतेय! पण ती सांगते. शाळेत कुणी डॉक्टर बोलावले होते, त्यांनी आईबापांना बजावलं म्हणे, की या वयात आठ तास झोप हवीच हवी. दिवसभर वाचलेलं सगळं डोकं झोपेत आपापल्या जागी लावून ठेवतं. झोप मोडली की सगळा पसारा तसाच पडून राहतो. हे तिने मला कणीक मळता मळता सांगितलं. मी "हो का, बरं" म्हणाले आणि गॅलरीत निघून आले. तिला वाटलं, मला राग आला. राग नव्हता आला. पण काय आलं होतं ते सांगायचं तर सत्तर वर्षं मागे जावं लागलं असतं, आणि तिची कणीक तशीच वाळून गेली असती.

आता आमची ही इमारत आहे ना, तिच्या जरा अलीकडे तेव्हा बैठी चाळ होती. मुलुंडला तेव्हा मुंबई म्हणायची पद्धत नव्हती. अण्णा, म्हणजे माझे वडील, फोर्टातल्या ऑफिसात जायला निघाले की "मुंबईला जातो" म्हणून निघायचे. मागे डोंगर, पुढे आग्रा रोड, आणि रूळ ओलांडून पलीकडे गेलं की मिठागरं. शेजारचं नाहूर म्हणजे नुसती शेतं. मार्चच्या दुपारी मिठागरांकडून वारा सुटायचा तेव्हा ओठ चाटले तर खारट लागायचे. कारखान्याच्या भोंग्यावर चाळ उठायची आणि भोंग्यावर जेवायची. एका खोलीला विजेचा एक दिवा, आणि मार्च महिन्यात त्या दिव्यावरून माणसाची अब्रू ठरायची.

हे आता कुणाला खरं वाटणार नाही. पण ज्या घरी मॅट्रिकचं मूल असेल त्या घरचा दिवा किती वेळ जळतो यावर अख्ख्या चाळीचं लक्ष असे. परीक्षेचं नाव कधीच बदललं होतं, पण आमच्याकडे तोंडात मॅट्रिकच बसलेलं. सकाळी विहिरीवर बायका कळशी भरता भरता पोरांचं जागरण सांगायच्या. "आमचा बारा वाजेपर्यंत पाठ टेकत नाही हो." "आमच्याकडे तर दोनचे ठोके ऐकूनच दिवा जातो." पोराला किती येतं, याची चौकशी कुणी करत नसे. ते कळणार तरी कसं? आया बहुतेक चौथीपर्यंत शिकलेल्या. भूमिती त्यांना दिसत नव्हती, दिवा दिसत होता. झोपणारं पोर म्हणजे आळशी पोर, आणि जागणारं म्हणजे घराण्याचं नाव काढणार. इतका सोपा हिशेब होता.

त्या वर्षी आमच्या घरचा दिवा सगळ्यांत शेवटी मालवायचा. कारण त्या वर्षी ताई मॅट्रिकला होती.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. कुसुम तिचं नाव. आणि काय झोपायची हो! चाळीत कुणाचं भांडण होवो, पत्र्यावर माकडं नाचोत, ताई आपली उशीत तोंड खुपसून ढाराढूर. मी तिच्या पोटात पाय खुपसून झोपायची, तरी तिला पत्ता नसे. गणितात तिचा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं, आणि त्याची तिची एक वेगळीच तऱ्हा होती. रात्री एखादं गणित अडलं की ती वही मिटायची, म्हणायची, "उद्या बघू," आणि झोपायची. सकाळी विहिरीवर दात घासता घासता मधेच थांबायची. तोंडात राखुंडी, हाताचं बोट तसंच तोंडात, आणि तशीच धावत घरात. "आई, सुटलं!" सगळ्या ओसरीवर काळे शिंतोडे. आई ओरडायची, "अगं, आधी चूळ भर, मग सुटू दे काय सुटायचं ते!" रात्रीतून तिला ते गणित कोण सांगून जातं याचं मला फार नवल वाटे. मी तिला एकदा विचारलंही होतं. ती म्हणाली, "झोप सांगते." मला ती थट्टा वाटली.

मॅट्रिकच्या वर्षी ही ताई आईने बदलून टाकली.

आईचं मी वाईट सांगत नाही. उलट आईइतकं ताईच्या बाजूचं त्या घरात दुसरं कुणी नव्हतं. झालं असं, की दिवाळीच्या सुमारास बोरिवलीचं एक स्थळ ताईला सांगून आलं. माणसं चांगली, घर भरलेलं, मुलगा नोकरीत. अण्णांना पसंत होतं. आईने मात्र कधी नव्हे ती मान वर केली. "मला चौथीतून काढलं," ती अण्णांना म्हणाली, "माझ्या पोरीला कॉलेजात जाऊ दे." अण्णा तापट नव्हते. सरळ होते, आणि सरळ माणसाचा शब्द फार जड असतो. त्यांनी बोरिवलीकरांना कळवलं, की निकालापर्यंत थांबा. पोर पास झाली तर मी तिला पुढे शिकवीन, तुम्ही दुसरीकडे बघायला मोकळे. नाही झाली तर ज्येष्ठातला मुहूर्त धरू. त्या लोकांनी मान्य केलं. सगळं ताईच्या समोरच ठरलं. ताई हसली. गणित माझ्या हातचं आहे, बाकीचं बघते, असं मला कानात म्हणाली.

म्हणजे एका पेपराच्या एका बाजूला कॉलेज आणि दुसऱ्या बाजूला बोरिवली. आईला जे करता येण्यासारखं होतं ते तिने जीव तोडून केलं. तिने ताईची झोप काढून घेतली.

पहिल्यांदा बंद झाला भात. भाताने डोळ्यांवर झापड येते असं आमच्याकडे पक्कं होतं. परीक्षेचं मूल भात खात नसे. ताईला गुरगुट्या भात, वर तूप-मेतकूट मिळालं की दुसरं काही नको असायचं. महाशिवरात्र झाली आणि तिच्या ताटातला भात गेला तो गेलाच. आम्ही भात कालवायचो आणि ती ज्वारीची भाकरी मोडत बसायची. वास येऊ नये म्हणून आई तूप तिच्यापासून लांब ठेवायची. मग गादी गेली. मग पाठ टेकायला भिंत नको म्हणून पाट खोलीच्या मधोमध आला. थंड पाण्याची परात आली, तिच्यात पाय सोडून बसायचं. शेजारच्या सावंतकाकी, मालवणच्या, सात पोरांच्या धबडग्यातून वेळ काढून पितळी घेऊन दारात यायच्या. "घे गो बाय, कोरी चाय पी. झोप खंय पळान जायत कळाचा नाय." सगळ्या चाळीला ताईचं कौतुक होतं. जो येई तो तिला जागं ठेवायला काहीतरी घेऊन येई.

आणि समोर आई. वाती वळत बसलेली. तिला त्या पुस्तकांतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ताईची मान कलली की तिला कळायचं. "कुसुम," ती म्हणायची. बस, एवढंच. रागाने नाही, इतकं मऊ म्हणायची की मला अंथरुणात रडू यायचं. ताई दचकून म्हणायची, "जागीच आहे मी, आई." आणि पुन्हा वाचायला लागायची, आणि बऱ्याचदा तेच पान.

भोंगा व्हायच्या आत तिला पुन्हा उठवलं जाई. पहाटेचं वाचलेलं पक्कं बसतं, हे आणखी एक.

मला त्या ताईची भीती वाटायला लागली. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. ती आमटीत दोनदा मीठ घालायची. विहिरीवर कळशी भरून ती तिथेच ठेवून रिकाम्या हाताने परत यायची. मी तिचं इतिहासाचं पाठांतर घ्यायला बसायची, तर जे मला ऐकून ऐकून तोंडपाठ झालं होतं ते तिला आठवेना. मी शब्द सांगितला की ती माझ्या तोंडाकडे बघत राहायची, मी परकी असल्यासारखी. एक दिवस साधं त्रैराशिक तिला सुटेना. पाटीवर तीनदा मांडलं आणि तीनदा पुसलं. मग म्हणाली, "आई, थोडी झोपू? झोपले की सुटेल." आईने तिच्या केसांवरून हात फिरवला. "विसरतेस ना? म्हणजे अभ्यास कमी पडतोय, बाळा. थोडेच दिवस राहिलेत. मग काय, झोपायचंच आहे."

इथेच माझं डोकं अजून फिरतं. जितकं ती विसरे तितकं तिला जागवत होते, आणि जितकं जागवत तितकं ती विसरत होती. दिव्याखाली बसवून एका हुशार पोरीला रोज थोडी थोडी मंद करत होते, आणि करणारे सगळे तिच्यावर जीव टाकणारे. कुणाला शिव्या द्याव्यात? एखादी सासू असती, सावत्र आई असती तर बरं झालं असतं. शिव्या द्यायला कुणीतरी मिळालं असतं.

परवा सूनबाई म्हणाली, "आई, तुमच्या वेळी नव्हती हो असली नाटकं, तुम्ही लोक बिनधास्त होता." मी म्हटलं, हो गं बाई, होतो खरे.

ताईचा नंबर घाटकोपरच्या एका शाळेत आला होता. गणिताच्या दिवशी पेपर दुपारचा. आई मला घेऊन तिच्याबरोबर गेली आणि पेपर सुरू झाल्यावरही परत आली नाही. शाळेच्या आवारात एक चिंच होती, तिच्या सावलीत आयांचा घोळका. कुणाच्या हातात शहाळं, कुणाच्या डब्यात दहीपोहे. आमच्याकडे बाटलीत लिंबाचं सरबत होतं, ओल्या फडक्यात गुंडाळलेलं. आई त्या दिवशी इतकी खुशीत होती! शेजारच्या बाईला म्हणाली, "आजची मला काळजी नाही. गणित माझ्या लेकीच्या हातचा मळ आहे." ऊन असं होतं की कावळेसुद्धा गप्प होते. आईनेच जरा वेळ खोडाला डोकं टेकून डोळे मिटले. गेले कित्येक दिवस तीही झोपली नव्हतीच ना.

घंटा झाली. पोरी बाहेर आल्या, बडबडत, एकमेकींना उत्तरं विचारत. ताई मागून एकटी आली. तिच्या एका गालावर बाहीच्या शिवणीचा वळ उमटला होता. आणि सांगायला जीभ रेटत नाही, पण कित्येक दिवसांनी तिचा चेहरा टवटवीत दिसत होता. डोळे स्वच्छ. आईने बाटलीचं बूच काढलं.

"कसा गेला गं?"

"आई, मला झोप लागली."

"लागणारच. आता घरी जाऊन नीज हो खुशाल."

"तसं नाही, आई." ताई म्हणाली. "पेपरात लागली."

आई बाटली तशीच धरून उभी राहिली. सरबत तिच्या हातावरून गळत होतं ते तिला कळलं नाही.

आत काय झालं ते मागाहून मालूने सांगितलं. मालू ताईच्या वर्गातली, तिच्या मागच्या बाकावर होती. ताईने पहिलं गणित सोडवलं, दुसरं मांडलं, आणि डोकं हातावर टेकलं. मालूला वाटलं विचार करतेय. वर्गावरचे सर म्हातारे होते, चांगले होते. त्यांनी लांबून हाक मारली, "अहो मुली, उठा." मग बाकावर डस्टर आपटलं. ताईची झोप! ती डस्टरने थोडीच मोडणार? गदगदा हलवायला हवं होतं. पण वयात आलेल्या परक्या मुलीच्या खांद्याला हात लावायचा कसा? त्या माणसाला ते जमेना. दुसऱ्या कुणाला दारात उभं करून ते कुणी बाई सापडतात का बघायला गेले. बाई होत्या पलीकडच्या इमारतीत, त्यांच्याही वर्गावर पेपर चाललेला. मालूने तोंड उघडलं असतं तर तिची उत्तरपत्रिका काढून घेतली असती. सगळा वर्ग खाली मान घालून लिहीत होता आणि ताई झोपली होती. शेवटी बाई आल्या, त्यांनी तिला हलवलं, तेव्हा पेपर संपत आला होता. ताई ताडकन उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "जागीच आहे मी, आई." वर्गातल्या काही पोरी हसल्या म्हणे.

त्या संध्याकाळी आईने गुरगुट्या भात केला. तूप घातलं, मेतकूट घातलं, ताट ताईपुढे ठेवलं. ताईने मुकाट्याने खाल्ला. सावंतकाकी दारात आल्या, आमची तोंडं बघून तशाच परत फिरल्या.

जूनमध्ये निकाल लागला. तेव्हा वर्तमानपत्रात नुसते नंबर यायचे, बारीक टाइपात. अण्णा नंबरांवरून बोट फिरवत खाली आले, पुन्हा वर गेले, पुन्हा खाली आले.

"पुन्हा एकदा बघा हो," आई म्हणाली.

"बघितलं."

"ऑक्टोबरला बसवू या. एकच विषय गेलाय. गणित येतं तिला! तुम्हाला माहिताय ते, सगळ्या चाळीला माहिताय! झोपू दिलं असतं तर ..." आणि आई थांबली. ते वाक्य तिने आयुष्यात परत कधी पुरं केलं नाही.

अण्णांनी चष्मा काढून पुसला. "शब्द दिलाय मी त्यांना. आता कसं फिरू? लोक काय म्हणतील, पोर नापास झाली म्हणून बाप शब्दाला फिरला." त्यांचाही आवाज बरा नव्हता. त्यांना ते आवडत होतं असं नाही. पण त्यांना दुसरं काही येत नव्हतं.

ताई म्हणाली, "जाऊ दे गं, आई." आणि उठून पाणी भरायला गेली.

मुलुंडहून बोरिवली म्हणजे मध्ये नुसता डोंगर. पण पलीकडे जायचं तर दादरपर्यंत जाऊन दुसऱ्या बाजूने उलटं वर यायचं. ताईचं सासर खरोखरच भरलेलं होतं. वाईट नव्हती माणसं. पण धाकटी सून म्हणजे पहाटे सगळ्यांच्या आधी उठायचं, बंब पेटवायचा, आणि रात्री सगळ्यांची निजानीज झाल्यावर अंग टाकायचं. तसं तिने आयुष्यभर केलं. ती जाऊनही आता बरीच वर्षं झाली. एक मात्र तिने सासूच्या पुढे रेटून केलं. तिच्या मुली मॅट्रिकला गेल्या तेव्हा ती त्यांना जेवण झाल्यावर झोपवायचीच. "हिच्या पोरी काय दिवे लावणार," असं सासू म्हणायची. ताई ऐकून घ्यायची आणि दिवा मालवायची. धाकटीने पुढे गणितातच पदवी घेतली. तो पेढा द्यायला ताई स्वतः माझ्याकडे आली होती. पेढा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "बघ गं, झोपून झाली." हसत म्हणाली.

आताही मी गॅलरीतून आत आले की नातीच्या दाराशी थांबते. आतून तिचा श्वास ऐकू येतो, सावकाश, एकसारखा. दाराच्या फटीतून दिसतं, पुस्तक छातीवर उघडंच. किती साधी गोष्ट! त्याला पैसा लागत नाही, अक्कल लागत नाही, काही करावंसुद्धा लागत नाही. नुसतं पोरीला झोपू द्यायचं. इतकं साधं आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि जिने सांगितलं तिचं आम्ही ऐकलं नाही.

लग्नानंतर ताई पहिल्यांदा राहायला आली ती दिवाळी उलटल्यावर. थोडेच दिवस मिळाले होते. अंगावर काठाचं लुगडं, हातात हिरव्या बांगड्या, आणि तोंड हे एवढंसं झालेलं. दारातून आत आली, आईच्या पाया पडली आणि म्हणाली, "आई, मी जरा पडते." चटई पसरायचीही वाट न बघता जमिनीवर आडवी झाली आणि तिथेच तिचा डोळा लागला.

आईने दार लोटलं. सावंतकाकी मसाला कांडत होत्या, त्यांना हात जोडून थांबवलं. मला म्हणाली, "आवाज केलास तर बघ." दुपार झाली. जेवणं निवली. तिचा नवरा संध्याकाळी चहाला यायचा होता, ती वेळ होत आली. मी म्हटलं, "आई, हिला उठवू?" आईने मानेनेच नको म्हटलं. पदराने ताईला वारा घालत ती तिच्या उशाशी बसून राहिली.

ताईचा उजवा हात जमिनीवरून फिरायला लागला, काहीतरी चाचपत असल्यासारखा. बांगड्या फरशीवर वाजल्या. डोळे मिटलेलेच. मग घाबऱ्या आवाजात म्हणाली, "माझं पेन कुठाय? बाई, किती वेळ राहिला?"

मी आईकडे बघितलं. आई खाली वाकली, अगदी तिच्या कानाशी.

"आत्ताच तर पेपर वाटलेत, बाळा," आई म्हणाली. "पुष्कळ वेळ आहे. झोप."

ताईचा हात थांबला. तिने कूस बदलली आणि ती झोपली.